उन्हाळ्याआधी खदान आणि क्रशरवरची धूळ-तयारी

ग्वाल्हेरजवळ बिलौआच्या परिसरात किंवा घाटीगावच्या बाजूला ज्यांची खदान वा क्रशर (दगड फोडून गिट्टी, म्हणजे खडी, करणारे यंत्र) आहे, त्यांनी पुढील कामे होळीपूर्वी उरकावीत. एकदा लू, म्हणजे उन्हाळ्यातला उष्ण वारा, वाहू लागली की नुसत्या टँकरने धूळ आवरत नाही.

सर्वप्रथम ड्रिलिंग पाहावे. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असल्याने कोरड्या ड्रिलिंगमधून उडणारी बारीक सिलिका थेट फुप्फुसात उतरते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, उलट क्षयाचा धोका वाढवतो. म्हणून प्रत्येक मशीनला पाण्याची जोडणी आहे ना, ती गळत नाही ना, हे स्वतः उभे राहून तपासावे.

क्रशरवर दगड फोडणारा जबडा, गिट्टी चाळणारी जाळी आणि पट्ट्यावरून गिट्टी खाली पडते ती जागा, या तिन्ही ठिकाणी पत्र्याचे आच्छादन व फवारे हवेत. फवाऱ्याचे थेंब मोठे असतील तर सूक्ष्म कण त्यांच्या बाजूने निसटतात. तुषार धुक्यासारखा असला तरच उपयोग. जड पाण्याच्या क्षारांनी नोझल चोंदतात आणि धार एका अंगाने वाकडी पडू लागते, तेव्हा टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवून नोझलचा एक जादा संच जवळ ठेवावा. पाणी शक्यतो खदानीत साठलेलेच, गाळ बसवून, वापरावे. गावाच्या बोअरवर भार टाकणे मला तरी योग्य वाटत नाही.

उन्हाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, तेव्हा वारारोधक भिंत त्या बाजूस उभारावी आणि कडुनिंब, करंजाची दाट रांग पूर्वेस असावी. रोपे मात्र पावसाळ्यातच लावावीत, आता केवळ खड्ड्यांची आखणी करावी. डंपरना ताडपत्री, रस्त्यावर पाणी, हे सर्वांना ठाऊकच आहे.

मोजणीही आधीच ठरवून घ्यावी: क्रशरच्या यंत्रापासून 3 ते 10 मीटर अंतरावर हवेतील तरंगत्या कणांची मर्यादा घनमीटरमागे 600 मायक्रोग्रॅम आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची मुदत त्याच वेळी पाहून घ्यावी.

मास्क सर्वांत शेवटी, कारण तो स्रोतावरचा उपाय नव्हे. तोंडाला बांधलेला गमछा तर मुळीच नव्हे. एन-95 द्यावेत, दाढी असल्यास ते घट्ट बसत नाहीत हे कामगारांना समजावून सांगावे, आणि छातीचा एक्स-रे व श्वासक्षमतेची तपासणी जुन्या ड्रिलरपासून सुरू करावी.