शब्बाथ आणि सह्याद्री: मुक्कामी ट्रेकला जाताना या चुका टाळा

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) मंडळींचा शुक्रवार ते रविवार डोंगरात मुक्काम ठरला, की पहिली चर्चा रंगते ती गड कोणता याची. आधी ठरायला हवी ती शुक्रवारी दिवे लावायची वेळ, कारण तिथून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस: काम नाही, आग किंवा वीज लावणं-विझवणं नाही. बाकी सगळं वेळापत्रक तिथून उलटं मोजत यायचं. असे बेत फसतात ते बहुतेक इथेच.

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शब्बाथचे दिवे त्याच्या 18 मिनिटं आधी, म्हणजे साधारण 5.40 ला. तोवर तंबू उभे, जेवण तयार आणि पाणी भरलेलं हवं. राजमाची गडाचंच घ्या. पायथ्याच्या कोंदिवड्याहून वरच्या उधेवाडी गावाचा चढ गटाला सहज तीन-चार तास खातो. दुपारी दोनला कर्जत स्टेशनवर उतरलेली मंडळी वर पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. ‘हाफ डे टाकून निघू’ हा विचार सोडा, सुट्टी पूर्ण टाका आणि सकाळीच कर्जत गाठा. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना लोणावळ्याकडून जीपने पाठवता येतं. कोकणात आपले पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. तो घाणा थांबवायची तयारीही शुक्रवारी दुपारपासूनच होत असणार.

अंधारात उरलेली कामं

तंबू ठोकणं, खड्डा खणणं, लाकडं तोडणं, दोर कापणं यातलं काहीही शब्बाथ सुरू झाल्यावर चालत नाही. तंबू सगळ्यांना आठवतो, शौचासाठीचा खड्डा मात्र कुणालाच आठवत नाही. तो दुपारीच खणा आणि माती लोटायची सोय बाजूला करून ठेवा. पिण्याचं पाणी गाळून, उकळून भरून ठेवा. एलईडी कंदील आधीच पेटवून उंचावर टांगा, रात्रभर जळू द्या. हेडटॉर्चचं बटण रात्री दाबायची वेळ येता कामा नये.

तंबूत दिवे नकोत

ही सर्वांत धोक्याची चूक आहे. वारा फार आहे म्हणून कुणीतरी मेणबत्त्या तंबूत घेतं. नायलॉनचं कापड क्षणात पेट घेतं आणि आत माणसं झोपलेली असतात. गावात मुक्काम असेल तर ओसरीवर, जेवायला बसणार तिथेच, स्टीलच्या परातीत थोडी वाळू घालून त्यात काचेचे ग्लास ठेवा. ग्लासात तळाला पाणी, वर खोबरेल तेल आणि वात. आपल्या घरातल्या जुन्या टांगत्या दिव्यासारखंच हे जळतं आणि मेणबत्तीइतकी वाऱ्याला दाद देत नाही. पाच वाजताच एक वात पेटवून पाहा. ती विझली तर जागा बदलायला वेळ असतो. एकदा शब्बाथ लागला की परात हलवायची नाही आणि विझलेली वात पुन्हा लावायची नाही. गावकऱ्यांना ‘जरा पेटवून द्या’ म्हणणं हीसुद्धा पळवाट नव्हे.

हनुक्का या दिव्यांच्या सणातला शुक्रवार असेल तर आधी हनुक्काचे दिवे, मग शब्बाथचे. ते अंधार पडल्यावरही जळत राहायला हवेत, म्हणून तेल जास्त घाला.

मटण की चहा?

आपल्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटण जेवल्यावर तासनतास दुधाचा चहा बंद आणि डोंगरातल्या थंडीत चहावाचून लोक कुरकुरतात. माझं स्पष्ट मत, पूर्ण मुक्काम शाकाहारी ठेवा. गावातली कोंबडी तशीही कोशर (धर्मनियमांनुसार खाण्याजोगी) नाही, ती विधिवत कापायला हझान (प्रार्थना चालवणारा) सोबत नसतो. पिठलं, भाकरी, बटाट्याची भाजी आपल्याच भांड्यांत, आपल्याच माणसांनी शिजवावी. शब्बाथच्या चहाची सोय अशी: शुक्रवारी कडक कोरा चहा करून, गाळून एका थर्मासमध्ये भरा, गरम दूध दुसऱ्यात. सकाळी फक्त कपात ओतायचं. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुकांचं सरबत घरूनच बाटलीत न्या. गॅस रात्रभर मंद ठेवून अन्न गरम राखायचा प्रयत्न उघड्यावर करू नका. झुळकीने ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो.

शनिवारी गड चढायचा का?

वस्तीच्या हद्दीपलीकडे 2000 अम्मा (हात), म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर, एवढीच शब्बाथची चाल. शिवाय एरुव (सामान नेता यावं म्हणून जागेभोवती विधिवत आखलेली हद्द) नसेल तर सॅक काय, पाण्याची बाटलीही उघड्यावर नेता येत नाही. उन्हात बाटलीविना भटकणं हा मूर्खपणा आहे. म्हणून एरुव बांधायचा असेल तर हझानला आधी नकाशा दाखवा, नाहीतर मुक्कामाच्या जागीच थांबा. दहा प्रौढ पुरुष जमले तर सामुदायिक प्रार्थनेसाठी मिन्यान होतो, पण त्यासाठी सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) चढावर नेऊ नका. छापील हुमाशमधून (तोराच्या पुस्तकातून) पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा पाठ, वाचावी.

फोन बंद करून सॅकच्या तळाशी

शब्बाथ आहे म्हणून सगळ्यांनीच फोन बंद केले आणि कुणाला साप चावला तर? जीव धोक्यात असेल तेव्हा शब्बाथ मोडायचाच असतो. पिकुआख नेफेश (जीव वाचवणं) हा आपल्याच धर्माचा नियम आहे आणि त्यात संकोचाला जागा नाही. पूर्ण चार्ज केलेला एक फोन चालू ठेवा, तो कुणाकडे आहे हे प्रत्येकाला माहीत हवं. रेंज कुठे मिळते ते शुक्रवारी उजेडातच पाहा. रुग्णवाहिकेसाठी 108. चावलेला अवयव हलवू नका, वर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. गाडी असलेल्या गावकऱ्याशी आधीच बोलून ठेवा. दुखणं गंभीर आहे की नाही अशी शंका असली तरी धोका आहे असंच धरून चाला.

हवदालानंतरची घाई

तीन तारे दिसले, हवदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) झाली, की तरुणांना तेव्हाच गड चढायची किंवा खाली उतरायची सुरसुरी येते. दिवसभर बसून पाय आखडलेले असतात, वाट अंधाराची असते. ती रात्र मलिद्याची (गोड पोह्यांच्या विधीची), एलियाहू हानाबी या संदेष्ट्याची गाणी म्हणायची. शेकोटी करायचीच तर सुक्या गवतापासून आणि कड्यापासून लांब करा, कारण धुराने आग्या मोहोळ उठतं.

राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले रविवारी पहाटेची तेफिला (प्रार्थना) आटोपून चढावेत. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि दुपारी बाराच्या आत उतरायला लागा.