बिअरसाठी नळाचे पाणी क्लोरीनमुक्त कसे करावे

ब्रिटन-अमेरिकेसारख्या, घरी बिअर बनवण्यास कायद्याने मुभा असलेल्या देशांत नळाचे पाणी पिण्यास निर्धोक असले, तरी बिअरसाठी त्यातील क्लोरीन आधी काढलाच पाहिजे. कारण माल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातील, फिनॉल या संयुगांशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते अत्यल्प प्रमाणातही बिअरला दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखी चव आणतात, जी नंतर घालवता येत नाही. साधा क्लोरीन पाणी पंधरा-वीस मिनिटे उकळल्याने किंवा रात्रभर उघडे ठेवल्याने बराचसा उडून जातो. मात्र अनेक शहरांत पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, मिसळतात आणि ते असे सहजासहजी उडत नाही.

म्हणून माझ्या मते खात्रीचा उपाय कॅम्पडेन गोळीचा, म्हणजेच मेटाबायसल्फाइट या सल्फाइट क्षाराचा. एक गोळी सुमारे 75 लिटर पाण्याला पुरते, तेव्हा 20 ते 25 लिटरला अर्धी गोळी भरपूर झाली. चमच्याच्या पाठीने तिची बारीक पूड करून ती थंड पाण्यातच नीट ढवळावी. काही मिनिटांत क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही निष्प्रभ होतात. सल्फाइट न सोसणाऱ्यांनी, विशेषतः दमा असलेल्यांनी, ही पूड नाकात जाऊ देऊ नये. फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, वरून घालायचे पाणीही असेच शुद्ध केलेले असावे.