भरीत करताना मुलांना बोलते करावे
हिवाळ्यात घरी भरिताचा बेत असेल, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मुलाला हुसकावून न लावता, कपाशीच्या काड्यांच्या जाळापासून लांब बसवून, कच्चे हिरवे वांगे त्याच्या हाती द्यावे आणि भाजल्यावर त्याचा रंग, साल व वजन यांत काय बदलेल, हे त्याला आधी सांगू द्यावे. निवलेले वांगे हलके का लागते, याचे उत्तर, म्हणजे आतले पाणी वाफ होऊन गेले हे, लगेच सांगू नये. त्याचे तर्क, कितीही अजब असले तरी, ऐकून घ्यावेत. बोलणे अहिराणीत किंवा लेवा बोलीत, म्हणजे खानदेशातल्या घरच्या बोलीत, झाले तर उत्तमच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही घरच्या भाषेवर भर आहे. मिरच्या मोठ्यांनीच हाताळाव्यात, शेंगदाण्यांचे दहा-दहाचे ढीग मुलाने करावेत.