जर्मनीला निघण्याआधी: पहिल्या दीड महिन्याचे पैसे वेगळे काढा

विद्यार्थी व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे 11,904 युरो भरले की पैशांची काळजी मिटली, असं घोडबंदर रोडपासून घणसोलीपर्यंत बऱ्याच घरांत धरून चालतात. ती रक्कम महिन्याला 992 युरो अशीच सुटते, आणि तीही तिकडे स्वतःचं चालू खातं उघडल्यावर. खात्यासाठी बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात, नोंदणीला घर लागतं आणि घराला डिपॉझिट. म्हणून किमान 2,000 युरो यापलीकडे हाताशी हवेतच.

या अकाउंटला पैसे पाठवण्याचं काम निघायच्या दोन-तीन महिने आधी धरा. नौपाड्यात खातं असलं तरी त्या शाखेत परकीय चलनाचं काम होतंच असं नाही, आधी विचारा. ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पैसे पाठवणाऱ्याचं पॅन, प्रवेशपत्र आणि पासपोर्टची प्रत सोबत ठेवा. फॉर्मवर चार्जेस कोण भरणार असा रकाना असतो, तिथे 'आवर' (सगळे चार्जेस आपण भरणार) वर खूण करा. 'शेअर्ड' ठेवलंत तर मधली बँक तिचे चार्जेस त्यातूनच कापून घेते, रक्कम थोडी कमी पोचते आणि तेवढ्यासाठी व्हिसाचं कन्फर्मेशन अडकतं. वर 50 युरो जास्तच पाठवा.

युरो 100 रुपये धरला तरी ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम 12 लाखांच्या आसपास जाते. एका पॅनवर आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही. स्वतःचे पैसे असतील तर आई आणि बाबा दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवा. कापला गेलाच तर 26एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचं पत्रक) दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो.

रोख 300 युरो पुरेत, बाकी फॉरेक्स कार्डवर. मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत त्यांचा महागडा दर लागतो. बँकेला जोडलेल्या सिमवर रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर ओटीपी येणार नाही. गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करायला सांगा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं आणि कायद्याने तीन हप्त्यांत देता येतं. घर न बघता, करार हातात नसताना एक युरोही पाठवू नका, नव्या मुलांची फसवणूक इथेच होते. रेडिओ-टीव्हीची 18.36 युरोंची मासिक वर्गणी घरामागे एकच असते, चौघं राहत असाल तर एकाच्या नावाने भरून वाटून घ्या.