शेअरपॉइंट लिस्टसाठी टूल लिहायला बसण्यापूर्वी: तयारीची यादी

शेअरपॉइंट म्हणजे संस्थेतली कागदपत्रं आणि नोंदी ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, आणि लिस्ट म्हणजे तिच्यातला ओळी-कॉलमचा तक्ता. एखाद्या संस्थेत शेअरपॉइंट चार-पाच वर्षं रुळलं की लिस्टचा पसारा होतो. सभासदांची एक लिस्ट, तिचीच कुणीतरी काढलेली प्रत, रजेच्या अर्जांची एक, कपाटांच्या किल्ल्यांची एक, आणि निम्म्यांच्या नावापुढे 'नवीन' किंवा 'अंतिम' लिहिलेलं. मग मागणी येते की सगळ्या लिस्ट एका जागी दिसाव्यात, एकीतल्या नोंदी दुसरीत नेता याव्यात, शेकडो ओळी एकदम बदलता याव्यात, असं एक टूल करून द्या. अशी कामं करताना मी जिथे जिथे अडलो, तिथे दोष बहुतेक वेळा कोडचा नव्हता. कोड लिहिण्याआधीची एखादी चौकशी राहून गेली होती. ती चौकशी इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिल्या दिवशी एडिटर उघडू नका, लिस्ट मोजा. किती लिस्ट आहेत, प्रत्येकीत किती नोंदी आहेत, आणि दर महिन्याला त्यात किती भर पडते. यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढे ५००० ची वेस आहे. एका लिस्टमध्ये ३ कोटी नोंदी मावतात, पण एका प्रश्नाचं उत्तर शोधताना सर्व्हरला ५००० हून जास्त ओळी चाळाव्या लागल्या तर तो नकार देतो. हा आकडा मनाला येईल तसा ठरवलेला नाही. मागे एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे, आणि एकाच विधानासाठी सुमारे ५००० ओळींना कुलपं लावावी लागली की तो एकेक ओळ सोडून अख्ख्या टेबललाच कुलूप घालतो. मग बाकी सगळे खोळंबतात. स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटमध्ये ॲडमिन ही मर्यादा वाढवू शकतो, क्लाउडवर ती सोय नाही. तेव्हा आज ३८०० नोंदी असलेली आणि महिन्याला दोनशेने वाढणारी लिस्ट तुमच्या टूलला सहा-सात महिन्यांनी बंद पाडणार आहे, हे आजच कागदावर लिहून ठेवा.

उपाय आहेत, आणि ते आधीच करून ठेवायचे असतात. ज्या कॉलमवर गाळणी (फिल्टर) लावणार, त्यांना इंडेक्स, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून सर्व्हरने राखलेली सूची, लावून घ्या. एका लिस्टला २० पर्यंत मिळतात. गाळणीतली पहिली अट इंडेक्स असलेल्या कॉलमवर हवी, आणि त्या एकाच अटीने नोंदी ५००० च्या आत यायला हव्यात. 'तालुका आणि वर्ष' अशी जोडी असेल तर जी अट जास्त नोंदी गाळते ती पुढे घ्या. 'किंवा'ने जोडलेल्या अटींवर भिस्त ठेवू नका, तिथे इंडेक्सचा फायदा मिळत नाही. पूर्ण लिस्ट वाचायची असेल तर आयडीच्या क्रमाने, पानापानाने वाचा आणि उत्तरासोबत येणारी पुढच्या पानाची लिंक संपेपर्यंत थांबू नका. पहिलं पान म्हणजेच सगळी लिस्ट असं समजणारं टूल चूक दाखवत नाही, नुसतं अर्धं उत्तर देतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये, म्हणजे कोडमधून शेअरपॉइंटशी बोलण्याच्या एका मार्गात, इंडेक्स नसलेल्या कॉलमवरही शोध रेटून नेणारा एक हेडर (विनंती किंवा उत्तरासोबत जाणारी छोटी सूचना) आहे. त्याच्या नावातच 'अधूनमधून फसू शकेल' असा इशारा आहे. तो इशारा खरा माना.

आता कॉलमची नावं. मराठीत लिस्ट चालवणाऱ्यांसाठी ही बाब इतकी मोठी आहे की इथे एक अख्खा दिवस द्यावा असं माझं मत आहे. प्रत्येक कॉलमला दोन नावं असतात. एक दिसणारं, ते हवं तेव्हा बदलता येतं. दुसरं आतलं, ते कॉलम तयार होताना एकदाच ठरतं आणि कायम राहतं. टूलला बोलायचं असतं ते या आतल्या नावाशी. कॉलम देवनागरीत तयार केला तर आतल्या नावात प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक (संगणकासाठी त्या अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) येतो, मागेपुढे अंडरस्कोर आणि एक्स धरून सात चिन्हं. मात्रा वेगळी मोजली जाते, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. आणि आतलं नाव ३२ चिन्हांवर कापलं जातं, म्हणजे जेमतेम चार अक्षरं. 'शाखेचे नाव' आणि 'शाखेचा पत्ता' हे दोन कॉलम घ्या. श, काना, ख, मात्रा, इथेच जागा संपली. दोन्हींचं आतलं नाव सारखंच निघतं, म्हणून दुसऱ्याच्या शेवटी आकडा लागतो. कोड वाचणाऱ्याला नाव कुठलं आणि पत्ता कुठला, हे त्यावरून सांगता येणार नाही.

म्हणून नियम असा: कॉलम तयार करताना रोमन लिपीत छोटं, एकसंध नाव द्या, मग दिसणारं नाव मराठीत बदला. वापरणाऱ्याला मराठीच दिसतं आणि कोडही वाचता येतो. जुन्या लिस्टसाठी दिसणारं नाव, आतलं नाव आणि कॉलमचा प्रकार असा तक्ता आधी काढा. एक्सेलवरून तयार झालेल्या लिस्टमध्ये आतली नावं 'फील्ड' आणि पुढे क्रमांक अशी असतात, तिथे तर हा तक्ता नसेल तर पाऊल टाकू नका.

नावांच्या पाठोपाठ मजकूर. एका ओळीच्या मजकुराच्या कॉलमला २५५ चिन्हांची मर्यादा असते आणि तिथेही मोजणी तशीच. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सात भरतात. पत्ते आणि शेरे अनेक ओळींच्या कॉलममध्येच ठेवा. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे ऱ्या आणि ऱ्ह. 'कऱ्हाड' हा शब्द कुणाच्या कीबोर्डवरून नुक्ता असलेल्या ऱ-ने येतो, कुणाच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा रूपात येतो. दोन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात, तुलनेत वेगळे ठरतात. दुहेरी नोंदी शोधणाऱ्या टूलला हे दोन गावं वाटतात. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तरी हा जोडक जात नाही. त्याच्यासाठी अदलाबदलीचा स्वतःचा नियम लिहावा लागतो. १२ हा आकडा देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहिलेला असेल तर तीच अडचण. कराड आणि कऱ्हाड एकच मानायचं का, हे मात्र प्रोग्रॅमरने परस्पर ठरवू नये. लिस्ट ज्यांची आहे त्यांना विचारा.

सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) बाहेर काढणार असाल तर फाइलच्या सुरुवातीला, अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी यूटीएफ-८ची खूण टाका, नाहीतर एक्सेलमध्ये उघडताना मराठीचा चुराडा दिसण्याची शक्यता मोठी.

लिस्ट ज्या साइटवर, म्हणजे शेअरपॉइंटच्या ज्या विभागात असतात, त्या प्रत्येक साइटचा टाइमझोन तारखांसाठी तपासा. लिस्टमधली वेळ आत यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठते. भारतीय वेळेवर लावलेल्या साइटवर १५ ऑगस्ट अशी नुसती तारीख भरली तर आत १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा असं जातं. ती नोंद तशीच उचलून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ असलेल्या साइटवर ठेवली की तिथे १४ ऑगस्ट दिसतो. नव्या साइटना तीच पॅसिफिक वेळ मिळालेली अनेकदा आढळते आणि वर्षानुवर्षं कुणी ती बदललेली नसते. जन्मतारखा आणि मुदतीच्या तारखा एका दिवसाने मागे सरकणं ही छोटी चूक नव्हे. ज्या माणसाचा अर्ज 'उशिरा आला' म्हणून परत जातो त्याला विचारा.

लुकअप आणि व्यक्तीचे कॉलम यांचीही चौकशी करा. लुकअपमध्ये दुसऱ्या लिस्टमधल्या नोंदीचा आयडी असतो, व्यक्तीच्या कॉलममध्ये त्या साइटपुरता त्या माणसाचा क्रमांक. एका साइटवर जी व्यक्ती १४ आहे ती दुसरीकडे ३१ असू शकते. त्यामुळे नोंदी हलवताना आकडा नेऊ नका, ईमेल पत्त्यावरून माणूस पुन्हा शोधा. आणि लुकअपसाठी मूळ लिस्ट आधी हलवून जुन्या-नव्या आयडींची जोडयादी जवळ ठेवा.

परवानगीच्या बाबतीत आग्रही राहा. वेळ वाचावा म्हणून सगळ्या साइटवर पूर्ण हक्क मागून घेण्याचा मोह होतो आणि ॲडमिनही घाईत 'हो' म्हणतो. तसं करू नका. 'साइट्स सिलेक्टेड' या परवानगीने सुरुवातीला एकही साइट उघडत नाही, ॲडमिन नेमकी साइट मोकळी करून देतो. आता एकेका लिस्टपुरती परवानगीही मिळते. सभासदांचे फोन नंबर, कुणाच्या आजारपणाच्या रजा, हे सगळं या लिस्टमध्ये असतं. टूलला जे लागत नाही ते टूलला दिसताही कामा नये. माणसाच्या वतीने चालणारं टूल शक्य असेल तर तेच पत्करा, म्हणजे ज्याला जे बघण्याचा हक्क आहे तेवढंच त्याला दिसेल. रात्री आपोआप चालणारं काम असेल तर शेअरपॉइंटच्या आरईएसटीला (कोडमधून बोलण्याचा त्याचा स्वतःचा मार्ग) सर्टिफिकेट, म्हणजे टूलची ओळख पटवणारी डिजिटल फाइल, लागतं, नुसत्या गुप्त शब्दावर काम होत नाही. टूलला प्रवेश देण्याच्या जुन्या एसीएस पद्धतीवरचे नमुने इंटरनेटवर अजून भरपूर सापडतात. त्या पद्धतीच्या निवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ही तारीख जाहीर केली, तेव्हा नवं काही त्यावर उभारू नका. पीएनपी पॉवरशेल (शेअरपॉइंटसाठीच्या तयार आज्ञांचा संच) वापरणाऱ्यांनी स्वतःचं ॲप नोंदवून घ्यावं. सगळ्यांसाठी एकच असलेली सामायिक नोंदणी सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली गेली.

वेगाची शिस्त पहिल्या ओळीपासून कोडमध्ये असू द्या. जास्त विनंत्या झाल्या की सर्व्हर ४२९ किंवा ५०३ हे 'आत्ता नाही' सांगणारे संकेतांक पाठवतो आणि किती सेकंदांनी परत यायचं तेही हेडरमध्ये सांगतो. ते ऐका, तेवढं थांबा. ग्राफमध्ये एका गठ्ठ्यात २० विनंत्या जातात, पण वरच्या उत्तरावर विसंबू नका: गठ्ठ्याला २००, म्हणजे 'सगळं ठीक', येतो आणि आतल्या तीन विनंत्या ४२९ ने परत आलेल्या असतात. प्रत्येक आतलं उत्तर तपासा.

एकदम बदल करण्याआधी त्या लिस्टवर कुठले पॉवर ऑटोमेट फ्लो (नोंद बदलली की आपोआप चालणारी कामं) टांगलेले आहेत ते विचारा. एका ठिकाणी मी सहाशे नोंदींमधला एक सांकेतिक क्रमांक दुरुस्त केला, आणि 'नोंद बदलली' म्हणून सहाशे ईमेल लोकांना गेले. त्यात वयस्कर सभासद होते, घाबरून फोन करत होते. तेव्हापासून मी फ्लोच्या मालकांची नावं आधी लिहून घेतो आणि बदलाची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवतो. तसंच व्हर्जनिंग, म्हणजे नोंदीची जुनी रूपं जपून ठेवणं, चालू आहे का पाहा. पुसलेली नोंद रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस मिळते, पण चुकीची बदललेली नोंद व्हर्जनिंग नसेल तर कुठेच मिळत नाही. बदल लिहिताना सोबत ईटॅग (नोंद वाचताना मिळालेली तिच्या रूपाची खूण) पाठवा, म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या कुणी ती ओळ सुधारली असेल तर सर्व्हर ४१२ हा नकाराचा संकेतांक देऊन थांबवेल आणि त्या माणसाचे कष्ट पुसले जाणार नाहीत.

चाचणीसाठी वेगळी साइट मागा आणि तिच्यात सहा हजार खोट्या, मराठी नोंदी भरा. दहा नोंदींवर सगळंच चालतं.

शेवटी तारखा. वेबहूक, म्हणजे लिस्ट बदलली की तुमच्या टूलला कळवणारी सोय, लावणार असाल तर शेअरपॉइंटवर त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १८० दिवसांचं असतं, आणि ते 'काहीतरी बदललं' एवढंच सांगतं. काय बदललं ते चेंज टोकन (मागच्या वेळी कुठवर वाचलं त्याची खूण) देऊन विचारावं लागतं. सर्टिफिकेटलाही मुदत असते. या दोन्ही तारखा, नूतनीकरण कोण करणार त्याचं नाव आणि तो रजेवर असेल तर दुसरं नाव, हे सगळं संस्थेच्याच एका लिस्टमध्ये नोंद म्हणून टाका आणि तिच्यावर एक महिना आधीची आठवण लावून द्या.