सुटकेनंतरचे पहिले पैसे

तुरुंगातून सुटकेच्या दिवशी सही घेऊन जी रक्कम हातात ठेवली जाते, ती तिथेच उभे राहून मोजून घ्यावी. मी मोजली नव्हती. बाहेर पडण्याच्या घाईत पावतीवर कोणता आकडा आहे हेही पाहिले नाही आणि पुढे हिशेब जुळेना, तेव्हा कोणाला काही विचारण्याची सोय उरली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या, कैद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांत कैद्याच्या मजुरीचा काही भाग बाजूला काढून सुटकेच्या वेळी त्याला द्यावा आणि जमा करून घेतलेले पैसे व वस्तू पावतीवर परत कराव्यात, असे म्हटले आहे. मात्र हे नियम कोणत्याही देशावर कायद्याप्रमाणे बंधनकारक नसल्याने आपल्या नावावर किती मजुरी साठली आहे, याची चौकशी आत असतानाच लेखी करावी.

माझी ती रक्कम गरजेवर खर्च झालीच नाही, लाजेवर झाली. रिकाम्या हाताने घरात कसे शिरायचे, म्हणून वाटेतच भेटवस्तू घेतल्या, आणि भेटेल त्या नातेवाइकाला ‘तुमचे सगळे देणे महिन्याभरात फेडतो’ असा शब्द देऊन बसलो. पाचव्या दिवशी कामाच्या चौकशीला जायचे होते आणि भाड्याला पैसे नव्हते. धाकट्या भावाकडे मागितले, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, “दादा, परवा तर तूच मला दिलेस.” आत इतकी वर्षे एकही पैसा स्वतःच्या निर्णयाने खर्च केलेला नसतो, ती सवय मोडलेली असते, हे तेव्हा लक्षात आले.

देण्यांच्या बाबतीत मी पुढे एका वहीत मुद्दल, व्याज आणि दंड असे तीन रकाने आखले, आणि व्याजाचा रकानाच डोळे उघडणारा ठरला. दरमहा दोन टक्के चक्रवाढ व्याजाचे कर्ज तीन वर्षे तसेच राहिले, तर ते दुपटीच्या थोडे पुढे जाते. त्यामुळे आधी प्रत्येक सावकाराकडून किंवा बँकेकडून थकबाकीचा लेखी तपशील घ्यावा आणि दंड माफ करण्याची विनंतीही लेखीच करावी. फार जुन्या कर्जाचा मात्र एकही हप्ता घाईने भरू नये. अनेक देशांत थोडी रक्कम भरली किंवा देणे लेखी कबूल केले, तर वसुलीच्या दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. मोफत कायदेशीर सल्ला मिळत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा. न्यायालयाचा दंड आणि मुलांची पोटगी यांना मात्र हे लागू नाही, ती देणी सर्वांत आधी.

दीर्घकाळ न वापरलेले बँक खाते निष्क्रिय होते, पण त्यातले पैसे बुडत नाहीत. ओळखपत्र नवे करून ते खाते आधी चालू करावे. मी कंटाळा केला आणि दोन महिने पगार मित्राच्या खात्यात घेतला. मित्र प्रामाणिक होता, तरी प्रत्येक वेळी माझेच पैसे मागताना मला कारण सांगावे लागत होते.

नातेवाइकांचे हातउसने मी शेवटी ठेवले. तीन महिने काहीही देऊ शकणार नाही आणि चौथ्या महिन्यापासून किती देईन, हे प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितले. ज्या मावशीकडे जायला मी सर्वांत जास्त घाबरत होतो, तिने कॅलेंडर काढून त्या तारखेभोवती गोल केला आणि दुसराच विषय काढला.