पिकअपवर कॅनॉपी नव्हे, कप्पे बसवले : माझा अनुभव

यावल-रावेर पट्ट्यातील केळीबागांत सबमर्सिबल पंप दुरुस्त करण्याचे माझे काम असल्याने पिकअपच्या हौद्यात अवजारे, वायंडिंगची तार आणि वीस फुटी पाइप एकत्रच पडून असत, आणि ताडपत्री कितीही ताणून बांधली तरी पावसाळ्यात तार भिजतच असे. प्रथम संपूर्ण बंद कॅनॉपीचा, म्हणजे हौद्यावर बसणाऱ्या छतासह टपाचा, विचार केला. परंतु पंप साखळी-कप्पीने वरून उचलून ठेवावा लागतो, तिथे छत आडवे आले असते. म्हणून दोन्ही बाजूंना बाहेरून उघडणारे कप्पे आणि मधला भाग मोकळा, अशी रचना ठरवली.

खरा प्रश्न वजनाचा होता. दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा प्रति चौरस मीटर सुमारे 15.7 किलो भरतो, तर तेवढाच ॲल्युमिनियमचा जेमतेम 5.4 किलो, बॉडीचे वजन वाढले की तेवढाच माल कमी भरावा लागतो. त्यामुळे सांगाडा लोखंडी आणि दारे ॲल्युमिनियमची घेतली, मात्र दोन धातू जिथे टेकतात तिथे गंज टाळण्यासाठी रबर घातले.

पहिल्या आठवड्यातच माझी चूक उघडी पडली. जड अवजारांचा कप्पा मागच्या चाकांच्याही मागे गेल्याने स्टिअरिंग हलके लागू लागले. तो चाकांच्या पुढे सरकवल्यावर गाडी ताळ्यावर आली. दारांवर छोटी पन्हळ आणि कडेने रबरी पट्टी लावल्यापासून तार कोरडी राहते. काळ्या मातीची धूळ मात्र अजूनही थोडी शिरतेच.